जेटीचं कारपेट

दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी माझे सासरे जेटीवर पडले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पुरुषमाणसं एकदम दोन झाली.

तसे ते गेली सहा वर्षं आमच्याकडेच राहतात. पण सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चार ते सात ते जेटीवर असायचे. चाळीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस. पाण्याकडे बघत बसला की खूश. उरलेल्या वेळात जेवण, झोप आणि वर्तमानपत्र. असा सासरा कुणालाही चालेल.

पडले म्हणजे कोपर खरचटलं आणि कमरेला मुका मार लागला, एवढंच. पण बायकोने जेटीवर जाऊन पाहणी केली आणि परत येऊन निकाल दिला.

"ते कारपेट पार झिजलंय. कडा उचलल्यात, मधे भोकं पडलीत. त्यातच बाबांचा पाय अडकला. ते बदललं जात नाही तोवर बाबांनी जेटीवर पाऊल ठेवायचं नाही."

सासऱ्यांनी निमूट मान डोलावली. मला वाटलं, वयोमानाने समजूतदार झाले असावेत.

सोमवारी सकाळी मी दाढी करत असताना बाथरूमच्या दारापाशी आवाज आला, "जावईबापू, सात चाळीस." मी म्हटलं, "बरं." दहा मिनिटांनी, "जावईबापू, सात पन्नास." आठ वाजता मी घराबाहेर पडलो तेव्हा ते दारात घड्याळ घेऊन उभे होते आणि चेहऱ्यावर भाव असा, की बोट सुटायला दोन मिनिटं उशीर झालाय आणि त्याला जबाबदार कोण हे सगळ्या प्रवाशांना माहीत आहे.

संध्याकाळी परत आलो तर कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी नव्याने बांधली होती. गाठ इतकी पक्की, की दोरी सैल करायची तर खिळा भिंतीतून उपटावा लागला असता. फ्रिजमधल्या बरण्या वजनाप्रमाणे लावल्या होत्या. माझ्या पुस्तकांचं कपाट त्यांनी एक इंच डावीकडे सरकवलं होतं, कारण म्हणे खोली उजवीकडे कलत होती. चौथ्या दिवशी त्यांनी मला चहा ढवळताना पाहिलं आणि म्हणाले, "उलटा ढवळता होय?" त्या दिवसापासून मी ऑफिसात चहा प्यायला लागलो.

म्हणून रविवारी इमारतीच्या समितीची बैठक भरली तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं, "जेटीच्या कारपेटचं काम कोण अंगावर घेतंय?" आणि मी हात वर केला. आजवर त्या बैठकीत मी फक्त जांभई देताना हात वर केला होता.

आता जेटी काय ते सांगतो. आमच्या इमारतीच्या मागे खाडी आहे आणि खाडीत आमची तरंगती जेटी. पोकळ पिंपांवर बसवलेले लाकडी फळ्यांचे चार तराफे, प्रत्येक बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद, एकापुढे एक बिजागऱ्यांनी जोडलेले. काठावरून तिथे उतरायला लोखंडी पूल. भरतीला सगळं वर येतं, ओहोटीला खाली जातं. फळ्यांवर पाय घसरू नये म्हणून कारपेट चिकटवलेलं. एके काळी ते हिरवं होतं असं जुने रहिवासी सांगतात. मी पाहिलं तेव्हा त्याला रंग नव्हता, फक्त वास होता. खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने त्याची लव गळून टक्कल पडलं होतं आणि कडांना शिंपल्यांचे धारदार चुरे चिकटले होते.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक. म्हणजे पाठ्यपुस्तकं छापली जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधतो. सत्तावीस वर्षं ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करून ज्याचा हात बसलाय, त्याला अठ्ठेचाळीस फूट कारपेट बदलणं काय जड, असं मला वाटलं. माणसाला वाटायला काय लागतं!

पहिला सल्ला तळमजल्यावरून आला. तिथे निवृत्त इंजिनिअर राहतात. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट बसवल्या. जेटीशी त्यांचा संबंध काय असं मी नम्रपणे विचारलं तर म्हणाले, "लिफ्ट वर-खाली होते. जेटी वर-खाली होते. तत्त्व एकच." तिथूनच ते या कामाचे तांत्रिक सल्लागार झाले.

"आधी परवानगी," ते म्हणाले. "पाण्यातलं काहीही बंदर कार्यालयाला विचारल्याशिवाय हलवायचं नाही."

मी अर्धी रजा टाकून बंदर कार्यालयात गेलो. लांबलचक खोली, चार खिडक्या, त्यांतल्या तीन बंद. चौथीत एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि पुढ्यात ओल्या स्पंजची वाटी. त्यांनी माझा अर्ज वाचला.

"जेटी तरंगते का?"

"हो."

"मग ती बोट झाली. नोंदणी क्रमांक लिहा."

"बोट नाही हो ती. कुठे जात नाही. काठाला बांधलेली आहे."

"मग इमारत. पायाची खोली लिहा."

"पायाच नाही. खाली पाणी आहे."

"मग पाण्याची खोली लिहा."

"भरतीची की ओहोटीची?"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना मुद्दाम छळायला आलोय अशी त्यांची खात्री झालेली दिसली. "सरासरी काढा," त्या म्हणाल्या. "आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांचं ना हरकत पत्र जोडा."

"तीन बाजूंना पाणी आहे."

"ते तुमचं तुम्ही बघा."

पुढचे चार दिवस मी खरोखरच ते बघत होतो. एका बाजूला आमचीच इमारत, तिची सही सेक्रेटरींनी दिली. पलीकडच्या काठावर बर्फाचा कारखाना होता, तिथल्या मॅनेजरने सही केली पण हरकत कशाला नाही हे वाचून घेतलं नाही. उरलेल्या दोन बाजू म्हणजे एकीकडे खाडीचा वरचा भाग आणि दुसरीकडे समुद्र. समुद्राच्या वतीने सही कोण करणार? मी परत खिडकीवर गेलो तेव्हा माझ्या मागे रांगेत एक म्हातारे कारकून उभे होते, त्याच कार्यालयातले, स्वतःच्याच रजेचा अर्ज घेऊन. त्यांनी माझ्या खांद्यावरून अर्ज वाचला आणि हळूच म्हणाले, "'कारपेट बदलणे' असं कशाला लिहिलंत? 'देखभाल' लिहा. बदलाला परवानगी लागते. देखभालीला नुसतं कळवलं की पुरे."

एक शब्द! मी, सत्तावीस वर्षं शब्दांवर पोट भरणारा माणूस, एका चुकीच्या शब्दापायी समुद्राची सही शोधत हिंडत होतो. बाईंनी 'देखभाल' वाचलं, स्पंजला बोट लावलं आणि शिक्का मारला. फक्त खाली एक अट लिहिली. जुन्या कारपेटचा एक धागाही पाण्यात पडता कामा नये.

ही अट वाचताना मी हसलो होतो, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

शनिवारी सकाळी मी, खरवडायची पट्टी आणि इंजिनिअरसाहेबांची सूचना असे तिघे जेटीवर उतरलो. साहेब स्वतः काठावरच्या कठड्याशी उभे राहिले, कारण त्यांचा गुडघा. जेटीवरच्या सहा होड्या आम्ही आदल्या दिवशी शेजारच्या इमारतीच्या जेटीला हलवल्या होत्या. सूचना अशी होती की कारपेटचं एक टोक पकडायचं आणि चादर ओढावी तसं ओढत न्यायचं.

मी टोक पकडलं आणि ओढलं. टोक माझ्या हातात आलं, कारपेट जागच्या जागी राहिलं आणि मी चार पावलं मागे जाऊन बसलो. तेही शिंपल्यांवर. बसण्याच्या जागेबद्दल मी अधिक लिहीत नाही. घरी आल्यावर बायकोने औषध लावलं आणि सासरे दाराबाहेरून म्हणाले, "ओढायचं नसतं. कापून काढायचं असतं, हातभर हातभर." पालथं पडून माणूस मानाने उत्तर देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी हातभर हातभर कापून काढलं, पण ते त्यांनी सांगितलं म्हणून नाही. मला ते आपोआप सुचलं, असं मी बायकोला सांगितलं.

जुनं कारपेट निघता निघता त्याचे धागे वाऱ्याने उडायला लागले. आता ती अट आठवून मी एका हाताने खरवडतोय आणि दुसऱ्या हाताने हवेत धागे पकडतोय. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी खिडकीतून विचारलं, "भाऊजी, डास फार झालेत का हो खाली?"

निघालेले तुकडे पाणी पिऊन इतके जड झाले होते, की पुलावरून वर न्यायला मला पूर्ण दिवस लागला. कचऱ्याच्या गाडीवाल्याने ते पाहिले आणि हा घरचा कचरा नाही म्हणून निघून गेला. ढीग इमारतीच्या वाहनतळावर पडून राहिला. पहिल्या दिवशी तिथे दोन मांजरं आली. तिसऱ्या दिवशी अकरा होती. त्या वासात त्यांना मासळीच्या कित्येक पिढ्या सापडल्या असाव्यात. सेक्रेटरींनी सूचनाफलकावर लिहिलं, 'जेटीप्रमुखांनी वाहनतळावरील वासाचा बंदोबस्त करावा.' जेटीप्रमुख हे पद मला अशा रीतीने मिळालं. शेवटी पलीकडच्या काठावरच्या एका होडीवाल्याने होडी ओढायच्या उतारावर पसरायला ते तुकडे नेले. त्याचे मी इतके आभार मानले, की तो घाबरून दुसऱ्या खेपेला मुलाला पाठवायचा विचार करत होता, असं कळलं.

नवं कारपेट आणायला गेलो तेव्हा दुकानदाराने आठ रंग दाखवले. मी राखाडी पसंत केलं. "सहा फूट रुंद, अठ्ठेचाळीस फूट लांब, एकसंध पट्टा देतो," तो म्हणाला. "जोड नाही, कटकट नाही." इंजिनिअरसाहेब सोबत होते. त्यांनी मान डोलावली. "जोड हा नेहमीच कमकुवत दुवा."

घरी मी ही बातमी दिली तेव्हा सासरे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "एकसंध?"

"एकसंध," मी म्हटलं.

"चार तराफ्यांवर?"

"हो, चारही तराफ्यांवर."

ते आणखी काही बोलणार होते, पण मी हात वर करून म्हटलं, "बाबा, हे काम मी अंगावर घेतलंय. तांत्रिक सल्ला मला मिळतोय." त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं. मला त्या वेळी हा माझा विजय वाटला.

डिंकाच्या डब्यासोबत सूचनांचं पत्रक होतं. ते मी रात्रीचं जेवण झाल्यावर लाल पेन घेऊन वाचलं. सवय, दुसरं काय. 'पृष्ठभाग' मधला ष पोटफोड्या हवा होता, तिथे शहामृगातला श. 'कोरडा' च्या जागी 'कोराडा'. आणि 'चोवीस' हा शब्द चक्क ऱ्हस्व वि घालून छापलेला! मी एकूण सतरा चुका काढल्या आणि पत्रक बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "यात लिहिलंय काय?" मी म्हटलं, "चुका." पुढे जे घडलं त्याचं मूळ या एका शब्दात आहे.

सूचनेप्रमाणे फळ्यांवरचं मीठ गोड्या पाण्याने धुवायचं होतं आणि मग फळ्या पूर्ण वाळवायच्या होत्या. समुद्राच्या काठी एखादी वस्तू पूर्ण वाळवायची! आमच्याकडे मिठाच्या डबीत मीठ वाळत नाही, टॉवेल वाळत नाही, मनुष्य वाळत नाही. दोन दिवस धुकं होतं. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, पण बिजागऱ्यांजवळच्या फळ्या दमटच. वहिनींनी केस वाळवायचं यंत्र दिलं. तळमजल्यावरून वायर ओढून मी गुडघ्यांवर बसून फळीन् फळी वाळवली. चार तराफ्यांपैकी साडेतीन वाळले. मग खाडीतून एक लाँच गेली, तिच्या लाटेने जेटी डुलली, आणि पहिल्या तराफ्यावर हलकासा, अगदी शिष्टाचारापुरता, पाण्याचा शिडकावा झाला. लाँचवरच्या लोकांनी हात हलवला. मीही हलवला. माझ्या हातात ते यंत्र होतं, त्यामुळे त्यांचा काय समज झाला कोण जाणे.

शेवटी तिसऱ्या शनिवारी सगळं जुळून आलं. ऊन कडक, वारा पडलेला, लाँच बंद. भरतीची वेळ, जेटी सरळ रेषेत सपाट. इंजिनिअरसाहेब कठड्याशी खुर्ची टाकून बसले. "स्थिर टोकाकडून सुरुवात करा," ते म्हणाले. "काठाकडून पाण्याकडे. रेषा सरळ येईल."

मी काठाकडून पाण्याकडे निघालो. हातभर डिंक लावायचा, हातभर कारपेट उलगडायचं, लाटण्यासारख्या रुळाने दाबायचं, पुढे सरकायचं. काय सांगू, काम इतकं देखणं होत होतं! मागे राखाडी पट्टा, एक सुरकुती नाही. मी मधेच मान वळवून आमच्या बाल्कनीकडे पाहिलं. तिथे सासरे दुर्बीण घेऊन उभे. माझं लक्ष गेलं तसा त्यांनी हात वर केला आणि दोन बोटं पसरून दाखवली. मला भरून आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी माझं काही मानलं होतं. मीही दोन बोटं पसरून विजयाची खूण केली. त्यांनी पुन्हा केली, या वेळी बोटं जोराने मिटत-उघडत. मीही तशीच केली. मग त्यांनी कपाळावर हात मारला. म्हातारपणी भावना आवरत नाहीत, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढे सरकलो.

दुपारी तीन वाजता शेवटचा हातभर तुकडा उरला. तो मी मुद्दाम नंतर चिकटवायचा ठेवला, कारण उभं राहायला जागा हवी. मग कंबर सरळ केली, कपाळ पुसलं आणि परत जायला वळलो.

समोर अठ्ठेचाळीस फूट कारपेट. या कडेपासून त्या कडेपर्यंत. मी या टोकाला, जग त्या टोकाला.

"साहेब," मी ओरडलो, "यावरून चालता येईल ना?"

साहेबांनी पत्रक उघडलं. तेच, माझ्या लाल खुणांचं. चष्मा लावून त्यांनी मोठ्याने वाचलं, "चिकटविल्यानंतर चोवीस तास पाय ठेवू नये. अन्यथा कारपेट सरकून काम वाया जाईल." मग कौतुकाने म्हणाले, "ह्या चोवीसला तुम्हीच लाल गोल केलाय की!"

मी त्या एवढ्याशा फळीवर उभा राहिलो. मला पोहता येत नाही. येत असतं तरी ओहोटी लागली होती आणि काठाशी गुडघाभर चिखल उघडा पडायला लागला होता. हाताला डिंक, केसांना डिंक, पँट गुडघ्यापाशी स्वतःलाच चिकटलेली. पाच मिनिटांत कठड्याशी अर्धी इमारत जमली.

"अहो, या ना वर, जेवण गार झालंय," बायको म्हणाली.

"येता येत नाही."

"का?"

"चोवीस तास!"

"काय चोवीस तास?"

साहेबांनी तिला पत्रक दिलं. तिने ते वाचलं, या वेळी चुका सोडून बाकीचं. मग तिने माझ्याकडे जे पाहिलं ते सांगण्यासारखं नाही. वहिनी म्हणाल्या, भाऊजींना निदान काही खायला टाकू या. त्यांनी केळं फेकलं. ते चार हात अलीकडे कारपेटवर, ताज्या डिंकावर पडलं आणि तिथेच राहिलं. मला ते दिसत होतं, मिळत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, असं काही झालं तर जबाबदारी समितीची नाही, असं आपण कुठे लिहून घेतलंय का? कुणीतरी फोटो काढला. मी चेहरा गंभीर ठेवला, जणू टोकाला उभं राहणं हा कामाचाच भाग आहे.

तेवढ्यात शेजारच्या जेटीकडून वल्ह्यांचा आवाज आला. एक छोटी होडी, आणि तिच्यात ताठ बसून सासरे, एकटे.

"बाबा!" बायको किंचाळली. "तुम्हाला जेटीवर जायची बंदी आहे!"

"जेटीवर कुठे आलोय?" ते वल्हं न थांबवता म्हणाले. "पाण्यात आहे."

त्यांनी होडी टोकाला इतकी अलगद लावली, की तराफा हललासुद्धा नाही. "बसा," मला म्हणाले. "मधोमध. हात कशाला लावू नका, चिकटाल."

आम्ही निघालो आणि तेवढ्यात मागे आवाज झाला, चर्र्र. मी वळून पाहिलं. ओहोटीने काठाकडचा तराफा खालच्या चिखलावर टेकून तिरका झाला होता, पुढचा अजून तरंगत होता, आणि बिजागरीवरचं माझं एकसंध कारपेट आधी तंबूसारखं वर उचललं गेलं आणि मग आडवं फाटलं. थोड्या वेळाने दुसरा जोड. मग तिसरा, जरा रुबाबात.

"जोडावर कापा म्हणून सांगत होतो," सासरे म्हणाले आणि वल्हं सोडून दोन बोटं मिटून-उघडून दाखवली. कात्री.

माझी मान खाली गेली ती वर येईना. तीन आठवडे, त्यांतल्या सगळ्या सुट्ट्या, समुद्राची सही, अकरा मांजरं, आणि आता हे. काठ जवळ येत होता, पण त्यांनी वल्हवणं थांबवलं.

"जावईबापू, एक सांगायचंय. रागवा हवं तर, फक्त उभं राहून रागावू नका."

"सांगा."

"मी कारपेटमुळे पडलो नव्हतो."

"म्हणजे?"

"स्टुलावरून उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडलो. कारपेट फाटकं होतं, ते खरंय. पण माझा पाय तिथे नव्हताच. हल्ली उठताना होतं असं. बसलं की काही नाही. तिला कळलं असतं तर जन्मभर बाल्कनीत बसवलं असतं मला. तिने कारपेटला दोष दिला, मी देऊ दिला."

मला संताप आला. असा संताप, की माणसाने ताडकन उठावं, पाय आपटावा आणि निघून जावं. पण जगात काही थोड्या जागा आहेत जिथून रागाने निघून जाता येत नाही, त्यांतली एक म्हणजे होडी. म्हणून मी बसल्या बसल्या रागावलो. तीन आठवड्यांचा सगळा राग काढला. त्यांनी तो वल्हं मांडीवर घेऊन ऐकला. मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

माझं बोलून संपल्यावर मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. फेरीबोट चालवलेला माणूस, आणि भीती कशाची, तर स्वतःच्या मुलीने बाल्कनीत बसवण्याची.

"सोमवारी डॉक्टरकडे चलायचं," मी म्हटलं. "आणि तोपर्यंत एकट्याने उठायचं नाही. नाहीतर आता काठावर उतरल्या उतरल्या सांगतो."

"आणि डॉक्टरकडे गेलो तर?"

"तर कारपेटलाच पाय अडकला होता."

"ठरलं," ते म्हणाले, आणि वल्हं उचललं.

सोमवारी डॉक्टरांनी त्यांना झोपवून, बसवून आणि उभं करून रक्तदाब मोजला आणि विचारलं, दाबाची गोळी किती घेता? मग म्हणाले, "अर्धी करा. बाकी ठणठणीत आहात. पंधरा दिवस कुणीतरी सोबत राहा, बस."

अर्धी गोळी! मी डॉक्टरांकडे पाहत राहिलो. बोटांना अजून डिंक होता. ज्या कामाला मी तीन आठवडे आणि एक पँट दिली, ते एका गोळीचे दोन तुकडे करून भागलं असतं.

कारपेट आम्ही पुढच्या शनिवार-रविवारी दुरुस्त केलं. आम्ही म्हणजे मी केलं, आणि सासरे काठावर बसून सांगत होते. जोडांवरचे फाटके भाग सरळ कापले, प्रत्येक बिजागरीवर चार बोटं फट मोकळी सोडली, कडांवर पट्ट्या ठोकल्या. पाण्याकडून काठाकडे. इंजिनिअरसाहेबांनी मान्य केलं की लिफ्टमध्ये हा प्रश्न येत नाही. केळ्याचा डाग मात्र गेला नाही. लहान मुलं त्याला बघायला येतात.

बायकोने बंदी उठवली. पंधरा दिवस रोज सकाळी सहाला मी त्यांच्याबरोबर जेटीवर जायला लागलो. तिला सांगितलं, नव्या कामाच्या कडा तपासाव्या लागतात. ते स्टुलावरून उठताना मी सहज म्हणून कोपराखाली हात धरायचो आणि ते सहज म्हणून धरू द्यायचे. एरवी आम्ही फारसं बोलत नव्हतो. एकदा त्यांनी मला वारा कुठून सुटणार ते पाण्यावरून कसं ओळखायचं ते दाखवलं. मला अजून ओळखता येत नाही.

सोळाव्या दिवशी मला जायचं कारण नव्हतं. अंधारी येणं कधीच थांबलं होतं. तरी मी सहाला उठलो आणि चप्पल घालून गेलो. ते स्टुलावर बसले होते. मी खाली पाहिलं. दुसऱ्या तराफ्यावरच्या कारपेटचा कोपरा सुटला होता. चांगला वीतभर, जिभेसारखा वर वळलेला.

तेवढ्यात पुलावर पावलं वाजली. बायको. इतक्या सकाळी ती कधी येत नाही.

"बघू तरी म्हटलं, रोज काय तपासता ते," ती म्हणाली. "नीट चिकटलंय ना सगळं? पुन्हा बाबा अडखळायला नकोत."

सासरे सावकाश उठले, कुणाचा हात न धरता. स्टूल उचललं, दोन पावलं सरकवलं, त्याचा एक पाय त्या सुटलेल्या कोपऱ्यावर नेमका रोवला आणि त्यावर पुन्हा ठाण मांडून बसले.

"पक्कं आहे," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "जावईबापूंनी लावलंय ते."